बुधवारचं ताट

शैलजाबाईंच्या पोटात दुखायला फार मोठं कारण लागत नसे. समोरच्या रेवतीबाईंचा पारिजातक यांच्या पारिजातकापेक्षा आठ दिवस आधी फुलला, तरी त्या दिवशी यांच्या वरणात मीठ जास्त पडायचं. मेहकरच्या त्या कॉलनीत दोघींची घरं समोरासमोर, मधे एवढासा रस्ता. एकीच्या कुकरची शिट्टी दुसरीला ऐकू यायची आणि शैलजाबाई ती मोजायच्या. आता दुसऱ्याच्या शिट्ट्या मोजणाऱ्या बाईला सुख लागायचं कुठून? पण त्या वाईट होत्या असं मात्र कुणी म्हणू नये. कॉलनीत कुणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांचाच पोचायचा. मागून रेवतीबाईंचा डबा गेला आणि आजारी माणसानं त्याचं कौतुक केलं, म्हणजे यांचा चेहरा उतरायचा, इतकंच.

रेवतीबाई हायस्कुलात शिक्षिका. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी श्रद्धा इंजिनीअर होऊन नागपूरला नोकरीला. शैलजाबाईंचे यजमान भालचंद्र पाठक पंचायत समितीतून निवृत्त झालेले कारकून. आता कॉलनीत कुणाकडे सत्यनारायण, वास्तुशांत असली की गुरुजी म्हणून पूजा सांगायला जायचे. यांना एकच मुलगा, चिन्मय. त्याला बारावीला बेताचे मार्क पडले तेव्हा भालचंद्रराव म्हणाले होते, "इथंच बी.एस्सी. करू दे त्याला." पण समोरची श्रद्धा इंजिनीअर झाली आणि आपला पोरगा बी.एस्सी., हे शैलजाबाईंच्या घशाखाली कसं उतरावं? त्यांनी दोन दिवस अन्न सोडलं. शेवटी बँकेचं कर्ज निघालं, राहत्या घराची कागदपत्रं तारण गेली आणि चिन्मय पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात गेला.

तेव्हापासून शैलजाबाईंचा प्रत्येक फोन एकाच वाक्यानं सुरू व्हायचा. "कॉलेजला गेला होतास ना? तुझ्यासाठी घर बँकेत ठेवलंय बाबा आम्ही." पहिल्या वर्षी चिन्मय रोज फोन करायचा, मग आठवड्याला, मग पैसे लागले की. रेवतीबाईंकडे मात्र रोज संध्याकाळी श्रद्धाचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि त्या मुद्दाम अंगणात बसून बोलायच्या. मुद्दाम हे शैलजाबाईंचं मत. खरं कारण असं की रेवतीबाईंच्या घरात रेंज नव्हती.

गेल्या वर्षी पोळा होऊन गेल्यावर नांदुऱ्याकडचे महादेवराव आपल्या मुलीला घेऊन यांच्या दारात उभे राहिले. भालचंद्ररावांची नऊ वर्षं नोकरी नांदुऱ्यात झाली होती आणि महादेवरावांची आई अंबूबाई तिथं त्यांच्या दाराशी भाजी आणून द्यायची. दोन एकर ओलिताचं रान, त्यात वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. मुलगी समीक्षा हुशार निघाली होती. बी.फार्मसीला नंबर लागला तो नेमका मेहकरला. मुलींना सरकारनं शिक्षण शुल्क माफ केलेलं, चार मैत्रिणींत मिळून कॉलेजजवळ खोलीही मिळाली, पण मेसचं काही जमेना.

"बँकवाला तं घरी येऊन गेला साहेब," महादेवराव म्हणाले. "म्हने, पोरीच्या शिक्षनाले लोन घ्या, नोकरी लागल्यावर फेडा. आमची म्हातारी उठूनच उभी राह्यली. म्हने, नात शिकाले धाडून राह्यलो का गहान ठेवाले?"

महादेवराव हसले, भालचंद्ररावही हसले. शैलजाबाई आत चहा करत होत्या, त्यांना हसू आलं नाही. ज्या घरानं कर्ज काढलं त्याच घराच्या ओसरीवर बसून हा माणूस असं बोलतो म्हणजे काय? त्याला यांच्या कर्जाची गोष्ट ठाऊकही नव्हती, पण मिरची झोंबायची ती झोंबलीच.

आणि मग भालचंद्ररावांना आपले आजोबा आठवले. हे आजोबा मेहकरला वार लावून शिकलेले. म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी बांधून. जेवण कुणाकडून विकत नाही आणि एकट्या कुणावर भारही नाही. ही गोष्ट भालचंद्रराव दर दिवाळीला सांगत आणि घरातले सगळे ऐकल्यासारखं करत. या वेळी मात्र ते नुसतं सांगून थांबले नाहीत. संध्याकाळी कॉलनीतली सहा घरं फिरून आले आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर बैठक बसली. रविवार रेवतीबाईंनी घेतला, शाळेला सुट्टी म्हणून. उरलेले वार ज्याच्या त्याच्या सोयीनं गेले. शैलजाबाई सगळ्यात शेवटी, दारातूनच म्हणाल्या, "राहिलेला द्या मला कुठला तरी." राहिला होता बुधवार. एक नियमही ठरला: कुणाकडे सुतक आलं, आजारपण आलं, गावाला जाणं झालं, तर तेवढ्यापुरता तो वार रेवतीबाईंकडे. त्या एकट्या, त्यांचं काही अडत नाही.

पहिल्या बुधवारी शैलजाबाईंनी वरण, भात, पोळी आणि कोबीची भाजी वाढली. पोरीनं खाली मान घालून खाल्लं, स्वतःचं ताट घासून पालथं घातलं, "येते काकू" म्हणाली आणि गेली. शैलजाबाईंना बरं वाटलं. आठवड्याला एक पान, त्यात काय मोठंसं.

खरी गडबड झाली ती दुसऱ्या आठवड्यात. रविवारी सकाळी शैलजाबाई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. समोर रेवतीबाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि समीक्षा मागं उभी राहून त्यांच्या केसांना तेल लावत होती. लावता लावता पोरगी काही तरी सांगत होती आणि रेवतीबाई खळखळून हसत होत्या. तांब्यातलं पाणी तुळशीऐवजी शैलजाबाईंच्या पायावर सांडलं. आपल्याकडे ही तोंडातून ब्र काढत नाही, आणि तिथं एवढं काय सांगते?

पुढच्या बुधवारी कोबी गेला आणि श्रीखंड आलं. त्याच्या पुढच्या बुधवारी पाटोडीचा रस्सा. मग पुरणपोळ्या. भालचंद्रराव पंचांग उघडून बघायला लागले की आज आहे तरी काय. समीक्षा जेवायला बसली की शैलजाबाई समोर पाट घेऊन बसायच्या आणि चौकशी सुरू व्हायची.

"रविवारी काय होतं गं तिकडं?"

"साधंच होतं, काकू."

"साधं म्हणजे काय? भाजी कुठली?"

"वांग्याची."

"तेल वर आलेलं होतं का नुसतं पाणी?"

पोरगी बिचारी काय सांगणार? तिची पोळी संपायच्या आत दुसरी ताटात पडायची. ती हात आडवा धरायची, शैलजाबाई हाताच्या बाजूनं वाढायच्या. "रेवतीकडे तर चार खातेस म्हणे," असं म्हणायच्या. म्हणे कुणी? कुणीच नाही. त्यांच्याच डोक्यात आलेलं.

दिवाळीनंतर समीक्षा रेवतीबाईंना मावशी म्हणायला लागली. शैलजाबाई काकूच राहिल्या. तो शब्द त्यांनी ऐकला त्या दिवशी त्यांच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. रात्रंदिवस त्यांच्या मनात तेच घोळायला लागलं. भाजीवाल्याची पोर, एक पैसा कर्ज न काढता शिकते, पहिल्या सत्रात पहिली येते. आपला चिन्मय घर गहाण टाकून दोन विषय राहिलेले सांगतो, तेही विचारल्यावर. देवानं ही पोरगी आपल्या पदरात का घातली नाही? बरं, नाही घातली तर नाही, पण निदान समोरच्या पदरात तरी घालायची नव्हती. शैलजाबाईंनी हा विचार स्वतःशी असाच्या असा केला होता. त्यात त्यांना काही वावगंही वाटलं नाही.

फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी त्यांच्या मोबाइलवर पुतण्याचा, आल्हादचा, फोन आला. तो जालन्याला असतो. भालचंद्ररावांचे चुलत चुलते तात्या पहाटे गेले होते. वय नव्वदीच्या पुढचं, अंथरुणाला खिळलेले, सुटले म्हणायचे. पण भावकीतलेच म्हणजे दहा दिवसांचं सुतक आलं. "काकांचा फोन लागत नाहीये काकू, त्यांना सांगा," आल्हाद म्हणाला.

भालचंद्रराव तेव्हा भाजी आणायला गेले होते. शैलजाबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. तात्यांसाठी त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्या पाठोपाठ जो विचार आला तो ऐका. उद्या बुधवार. सुतक म्हणजे उद्याचा वार रेवतीकडे. पुढचा बुधवार नववा दिवस, तोही रेवतीकडे. म्हणजे मधला रविवार धरून आठ दिवसांत तीनदा ती पोर रस्त्याच्या पलीकडे जेवणार, आणि आपण कठड्याशी उभं राहून बघायचं?

शिवाय गुरुजींची बायको असल्यामुळे त्यांना आणखी एक ठाऊक होतं. सुतकाची बातमी दहा दिवस उलटून गेल्यावर कळली तर थोडक्यात भागतं. आपण आज ऐकलंच नाही असं धरलं तर? ओल्या हातांनी त्यांनी फोन डब्यांच्या मागं ठेवला आणि दुपारी साबुदाण्याच्या चकल्यांचा घाट घातला.

बुधवारी समीक्षा जेवली. शैलजाबाईंनी तिला बासुंदी वाढली.

घोटाळा पुढं होता. रविवारी रेवतीबाईंकडे सत्यनारायण निघाला. श्रद्धाला नोकरीत बढती मिळाली होती. पूजा सांगायला अर्थातच भालचंद्रराव. शैलजाबाईंनी शनिवारी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. आता सांगावं तर बुधवारी का नाही सांगितलं, हा प्रश्न येणार. न सांगावं तर नवरा सुतकात दुसऱ्याच्या घरी देवाला हात लावणार. त्या म्हणाल्या, "तुम्हाला बरं नाही वाटत का? नाही सांगून टाका." भालचंद्रराव म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" आणि सोवळं घेऊन गेले.

शैलजाबाईही गेल्या. तिथं समीक्षा रेवतीबाईंची जांभळी साडी नेसून प्रसादाचे द्रोण वाटत होती. "अगदी घरची मुलगी वाटते," कुणी तरी म्हणालं. शैलजाबाईंनी द्रोण हातात घेतला. सांगायचं असतं तर तेव्हाही सांगता आलं असतं. पण ती जांभळी साडी बघितली आणि त्यांचे दात घट्ट बसले.

तेराव्याच्या दोन दिवस आधी आल्हादचा फोन थेट भालचंद्ररावांना लागला. "काका, तुम्ही दहाव्यालाही नाही आलात. मी काकूंना त्याच दिवशी कळवलं होतं." भालचंद्ररावांनी फोन ठेवला. ओरडले नाहीत. बायकोकडे फक्त एकदा पाहिलं, पायात चपला घातल्या, रस्ता ओलांडला आणि रेवतीबाईंना सगळं जसंच्या तसं सांगून हात जोडले. तसा सरळ माणूस तो, त्याला दुसरं काही सुचणंही शक्य नव्हतं.

रेवतीबाई दारातूनच कडाडल्या. आवाज साऱ्या कॉलनीनं ऐकला. "माझ्या लेकीच्या नावाची पूजा होती ती! आणि कशासाठी, तर एका बुधवारसाठी?" मग त्यांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं की आजपासून हे वारांचं नाटक बंद. समीक्षा सातही दिवस त्यांच्याकडे जेवेल, श्रद्धाची खोली रिकामीच आहे, तिथं राहील. बाकीच्या पाच घरांनी फारशी कुरकुर केली नाही. खरं सांगायचं तर त्यातल्या दोन घरांना सुटल्यासारखं बरंच वाटलं.

शैलजाबाई आतल्या खोलीत पलंगावर बसून राहिल्या. त्यांना लाज वाटत होती. पण लाजेपेक्षाही एक गोष्ट जास्त बोचत होती, आणि ती कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. रेवतीला सातही वार मिळाले होते, आणि ते आपणच आपल्या हातानं दिले होते.

समीक्षानं रेवतीबाईंना हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिनं घरी फोन केला. तीन दिवस तिनं खोलीवर खिचडी करून खाल्ली. सोमवारी संध्याकाळी महादेवराव खामगावला गाडी बदलून मेहकरला आले. येताना वांग्यांचं पोतं आणलं होतं, ते त्यांनी रस्त्यातच, दोन घरांच्या मधे, उतरवलं. मग यांच्या ओसरीवर बसले. रेवतीबाईंना बोलावणं गेलं, त्याही आल्या. समीक्षा खांबाला टेकून उभी राहिली.

"रेवतीताई, तुमचे लय उपकार," महादेवराव म्हणाले. "पन म्हातारी नाई म्हनते."

"का? माझ्या घरी काही कमी आहे का?"

"कमी नाई. जास्त आहे, म्हनूनच." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एका घरचं एका दिवसाचं जेवन, ते पोरीच्या अंगी लागून जाते. सात घरं असली तं कोनाले वाटत नाई का आपनच हिले शिकवलं. पन एकाच घरचं सातही दिवस चार वर्सं खाल्लं, तं ते कर्ज होते ताई. म्हातारी म्हने, तसंच घ्याचं असतं तं बँकेचं काय वाईट होतं? बँकेचं फेडलं की सुटते तं खरं."

"मी कुठं हिशोब मागतेय?" रेवतीबाईंचा आवाज चढला.

"आज नाई मागत. पन उद्या पोरगी दुसऱ्या कोनाच्या घरी हासली, तं तुमाले वाईट वाटन. वाटन का नाई? खरं सांगा."

शैलजाबाई दाराआड होत्या. त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं, कारण हे वाक्य रेवतीला उद्देशून असलं तरी मापं सगळी त्यांचीच घेतलेली होती. क्षणभर त्यांना चिन्मयला केलेले फोन ऐकू आले, एकामागून एक, सगळे त्याच वाक्यानं सुरू होणारे. त्या बाहेर आल्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. रेवतीबाईंकडे बघून म्हणाल्या, हे विशेष. "पूजा पुन्हा करा, सामान माझ्याकडून. आणि महादेवराव, बुधवार माझ्याकडून काढून घेतला तरी मी काही म्हणणार नाही."

"काऊन काढा लागते?" महादेवराव म्हणाले. "सात घरं नसली तं पोरीचं जमन कसं? सुतकाचं तुमचं तुमी पाहा, त्यातलं मले नाई समजत. फक्त तिच्या ताटात जरा कमी वाढत जा. पोरगी सांगत होती, बुधवारी रात्री तिचं पोट दुखते."

भालचंद्ररावांना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं. सात वार पुन्हा सात घरी गेले.

पुढचा बुधवार आला. शैलजाबाईंनी वरण, भात, पोळी आणि वांग्याची भाजी केली, दुसरं काही नाही. समीक्षा जेवायला बसली. दुसरी पोळी झाल्यावर तिनं हात आडवा केला आणि शैलजाबाईंनी हातातली पोळी परत डब्यात ठेवली. फार जिवावर आलं, पण ठेवली. चौकशीही केली नाही. पाट भिंतीशी नेऊन, गप्प बसून राहिल्या. पोरगी भाताला आली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. सहा महिने घशात अडकलेलं होतं ते.

"एकच विचारते, मग कधी नाही विचारणार. खरं सांग. जेवायला तुला कुठं आवडतं? रेवतीकडं की इथं?"

समीक्षानं भात कालवायचा थांबवला.

"खरं सांगू, काकू? मले आमच्या घरी आवडते. आजीजवळ."

आणि मग ती बोलायला लागली. या घरात एवढं ती कधी बोलली नव्हती. आजी चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर करते, तव्यावर हिरव्या मिरच्या रगडते, जेवताना समोर बसून शेतातल्या गमती सांगते, कुणी किती खाल्लं ते कधी बघतच नाही. सुट्टीला गेली की पहिल्या दिवशी ती पायातली चप्पल न काढता आधी चुलीपाशी जाते. सांगता सांगता तिचा आवाज भरून आला, मग तिलाच हसू आलं, आणि तिनं डोळे पुसले ते डाव्या हातानं, कारण उजवा भातात होता.

शैलजाबाई ऐकत होत्या. पुण्यात चिन्मयला कुणी हाच प्रश्न विचारला तर तो काय सांगेल, हे त्यांच्या मनात आलं. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली, ती त्यांनी मोजली नाही. रेवतीचा हेवा करायला त्यांच्यापाशी आता जागाच उरली नव्हती. तो सगळाच्या सगळा अंबूबाईकडे गेला होता.